चित्रातली खरखर

"ताई, अर्धेच सोडा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "एवढे किरण मला काय करायचेत? माझा जीव तो केवढा."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या बाई कुठलीच गोष्ट सांगितल्या मापाने घेत नसत. स्तनांची तपासणी करून घ्यायला आल्या, तरी त्यांनी शिरस्ता मोडला नाही. यंत्रावरच्या ताई पन्नाशीच्या, कामात वाकबगार. पण कुणाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी यंत्राचं स्वतःचं माप बाजूला सारलं, हाताने आकडा खाली आणला आणि बाईंना श्वास रोखायला सांगितलं. श्वास मात्र बाईंनी पूर्ण मापाचा रोखला.

चित्र शेजारच्या अंधाऱ्या खोलीत, डॉक्टरांच्या पडद्यावर गेलं. डॉक्टरांनी ते मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. बाईंना हे आवडलं नाही. गाऊन आवळत त्या थेट त्यांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बसा ना," डॉक्टर म्हणाले.

"बसल्यावर दिसत नाही."

पडदाभर बारीक वाळू सांडल्यासारखी दिसत होती. डॉक्टरांनी एका जागी पेन्सिल टेकवली. तिथे सात-आठ पांढरे ठिपके दाटीने बसले होते.

"हे चुन्याचे कण असू शकतात. असे घोळक्याने बसले, की कधी कधी ती आजाराची अगदी पहिली खूण असते. किंवा ही नुसती खरखर असेल. किरण कमी पडले की चित्रात असे दाणे उठतात. इथे ते इतके उठलेत, की कण कुठला आणि दाणा कुठला, मला सांगता येत नाही." त्यांनी मान वळवली. "ताई, किरण कमी कसे पडले?"

ताईंनी फरशीकडे पाहिलं. फरशी स्वच्छ होती, त्यामुळे तिच्याकडे फार वेळ पाहत राहणं शक्य नव्हतं.

"घासाघीस मी केली," बाई म्हणाल्या. आवाज ड्युटीवरचा होता. "खरखर म्हणालात ना? लांबचा निरोप खरखरीत आला, की आम्ही तो दोनदा घ्यायचो. दोन्ही वेळा आलं ते माणसाचं बोलणं. एकदाच आलं, ती खरखर. पुन्हा घ्या. पूर्ण मापाने."

डॉक्टरांनी या विषयावर पंचवीस वर्षं व्याख्यानं ऐकली होती. इतक्या थोडक्यात कुणी आवरलं नव्हतं.

दुसऱ्या चित्रात वाळू गेली होती. पेन्सिलीच्या जागी काहीच नव्हतं. सगळे ठिपके विरून गेले होते. ताईंनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की बाईंनाच त्यांच्या पाठीवर हात ठेवावा लागला.

डॉक्टर मात्र खुर्चीत मागे टेकले नाहीत. त्यांची पेन्सिल पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे पाच कण होते, चिमटीतून मीठ निसटावं तसे. पहिल्या चित्रात तिथे नुसती वाळू होती.

"हे मघाशी दिसलेच नव्हते," ते हळू आवाजात म्हणाले.

"खरखरीखाली दबले असतील." बाई जरा थांबल्या. "नियम यांनाही लागू आहे. पुन्हा घ्या."

तिसरं चित्र तेवढीच जागा मोठी करून घेतलं. अर्ध्या मापासाठी हुज्जत घालणाऱ्या बाईंच्या पदरात एकूण अडीच मापं पडली. पाचही कण आपापल्या जागी होते. एकही हलला नव्हता.

"उद्या सुईने तिथला जरासा तुकडा काढून तपासू," डॉक्टर म्हणाले. "तोवर त्याला नाव द्यायचं नाही. आणि वाईट निघालंच, तरी फार लवकर सापडलंय. एवढ्यावर पूर्ण बऱ्या होणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात."

"आणि मी मघाचंच चित्र घेऊन घरी गेले असते तर?"

डॉक्टरांनी पेन्सिल खिशात ठेवली. ताई कोपऱ्यात डोळे टिपत होत्या.

"ताई, पुढच्या बाईचं ऐकू नका हं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "कितीही गोड बोलली तरी."

बाहेर बाकावर बाईंचे यजमान बायकोची पर्स छातीशी धरून, आता कुणीतरी हिसकावणारच अशा तयारीने बसले होते. त्यांना एका कानाने कमी ऐकू येई आणि दुसऱ्याने सोयीप्रमाणे. 'काही नाही' एवढंच म्हणायचं, असं बाईंनी दारात ठरवलं होतं. पण चौतीस वर्षांत त्यांनी एकही निरोप बदलून दिला नव्हता.

"पाच कण सापडलेत. उद्या सुई लावून तपासणार. वाईट निघालं तरी फार लवकर सापडलंय."

यजमानांनी पर्स मांडीवर ठेवली. "पुन्हा सांग."

त्या शेजारी बसल्या, त्यांच्या बऱ्या कानाकडे सरकल्या आणि पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. यजमान पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, ओठांतल्या ओठांत दोन्ही निरोप ताडून पाहत राहिले.

"'लवकर' दोन्ही वेळा आलं," ते म्हणाले.