वहिनींची साखर

टेक बेंगने टोस्टवाल्याचा हात त्याच्याच तव्याजवळ धरला आणि आवाज न चढवता विचारलं, "वहिनींना नारळाचा जॅम कोणी चारला?"

"त्यांनीच मागितला, भाऊ! दोनच टोस्ट!"

"गरोदरपणातला मधुमेह आहे त्यांना. जॅम चालत नाही. पांढरा पावही नाही. अख्ख्या गव्हाचा असता तर एखादा चालला असता," बेंगने नीट समजावलं आणि हात तव्यावर टेकवला.

वास सुटला. टोस्टचा नव्हता.

मलेशियातल्या पेनांगच्या त्या गल्लीत हुआट दादांचा शब्द चालायचा. दादांच्या बायकोला, म्हणजे फैक इम वहिनींना, दवाखान्यात सांगितलं होतं की रक्तात साखर वाढलीय, आहार सांभाळा, नाहीतर बाळाला धोका आहे. दादांनी आयुष्यात आहार कधी सांभाळला नव्हता, माणसं सांभाळली होती. म्हणून त्यांनी हे काम बेंगकडे दिलं. तेव्हापासून बेंगच्या एका खिशात सुरा असायचा आणि दुसऱ्यात स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा. हातसडीचा भात अर्धी वाटी, वाफवलेला मासा, कारलं. वहिनींनी कारलं ताटाखाली दडवलं तर तो फक्त खाकरायचा. वहिनी ते संपवायच्या आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.

दर आठवड्याला दवाखान्यातल्या डाएटवाल्या स्वी लेंग मॅडम आकडे बघायच्या, उसासा टाकायच्या आणि विचारायच्या, "बाहेरचं काय खाल्लंत?" मॅडम फार हळू बोलायच्या. कुणाचं नाव घेणं त्यांच्या जिवावर यायचं.

"सोयाचं गरम दही? वर पाक घातलेलं? हं... ते असेल."

त्या 'असेल'वर दहीवाल्याचं डोकं त्याच्याच पिंपात तीनदा बुडालं. पुढच्या आठवड्यात तांदळाच्या गोड वड्या निघाल्या. वड्या विकणारी बाई होती आणि बाईवर हात उचलायचा नाही हा दादांचा नियम होता, म्हणून तिच्या नवऱ्याच्या बरगड्या मोडल्या. तो बिचारा शाळेत भूगोल शिकवायचा.

साखर उतरली नाही. टोस्टवाल्याच्या नंतरही नाही.

दादांनी बेंगला बोलावलं. ते पपनस सोलत होते. "बेंग्या, उद्या साखर वर निघाली तर इन्शुलिन. माझ्या बायकोच्या पोटात रोज सुई आणि तुझ्या हाताला सगळी बोटं. बरं दिसेल का?"

"नाही दिसणार, दादा."

"मग कुठलं द्यायचं ते ठरवून ठेव. तेवढी मोकळीक देतो तुला."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बेंग वहिनींच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. कुणी तरी चोरून गोड आणत असणार, आज त्याला धरायचंच.

आले ते दादा. अनवाणी, अर्ध्या चड्डीत. त्यांनी मंद आचेवरच्या मातीच्या भांड्याचं झाकण काढलं. आत पाकोळी पक्ष्याचं घरटं शिजत होतं, लाळेचं, चिनी घरांत ताकदीसाठी पितात ते. दादांनी मूठभर खडीसाखर टाकली, चव घेतली, आणखी अर्धी मूठ टाकली.

"पी गं," वाटी भरून ते मागोमाग आलेल्या वहिनींना इतक्या मायेने म्हणाले की बेंगला कसंतरीच झालं. "बाळाची कांती उजळते."

"दादा," बेंग चाचरत म्हणाला, "हे खाण्यात धरायचं का?"

"औषध आहे ते. औषध कोणी खाण्यात धरतं का?"

"नाही धरत," बेंग म्हणाला. दादांना 'तुमचं चुकतंय' असं सांगणारा शेवटचा माणूस अजून नळीने जेवत होता.

तो तडक दवाखान्यात पोचला. वहिनींची वेळ दुपारची होती.

"मॅडम, सापडलं! पाकोळीचं घरटं! दादा स्वतःच देतात, रोज उपाशीपोटी, खडीसाखर घालून!"

मॅडमनी उठून दार लावलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. आपल्यात कुठल्या गरोदर बाईच्या घरी ते शिजत नाही? आणि कुठली बाई ते खाण्यात सांगते?"

"मग बोलला का नाहीत?" बेंगचा आवाज चिरकला. "त्या मास्तरच्या बरगड्या मोडल्या मी! आता माझं बोट जाणार. मी दादांना सांगितलं तर जीभही जाईल. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात ते."

"सांगेन की. खडीसाखर थांबली की साखर उतरेल. तोवर सुई नको, असंही सांगेन." मॅडमनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "घाम पुसा आधी. बाळ ठीक आहे, मी लक्ष ठेवून आहे. मला एक सांगा, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तो बर्फाचा गोळेवाला अजून उभा असतो ना?"

"असतो. पण वहिनी त्याच्याकडे कधी जात नाहीत."

"दुपारच्या आत तो उठला पाहिजे," मॅडम त्याच हळू आवाजात म्हणाल्या. "उद्यापासून तिथे माझी आई गोड सुपाची गाडी लावतेय."