मंजुरीवर उपाय

मालवणच्या समुद्रात मरत चाललेली प्रवाळं आम्ही पुन्हा रुजवतो, कारण ती गेली की मासे जातात आणि मच्छीमारांच्या होड्या रिकाम्या परततात. मुकुंदवाडीच्या घरी हे सांगून सांगून माझा घसा बसला. "आई, प्रवाळ म्हणजे आपलं पोवळंच. तो दगड नसतो गं, जीव असतो!"

पुढच्या कामाची मंजुरी वर्षभर अडकली, तशी मी वैतागून घरी आले. आई मात्र खुशीत होती. "अडणारच की! मंगळ लई कडक हाय तुझा," म्हणत तिनं माझ्या बोटात लाल खड्याची अंगठी सरकवली.

 

"सोनार काचेचं देत व्हता. म्या म्हणलं, आमच्या मेघाला लगेच वळखू येतं, समुद्रातलं अस्सल पोवळंच दे!"