रुग्णाची हरकत

सकाळी कारखान्यातून बेशुद्ध आणलेले आजोबा शुद्धीवर आले आणि त्यांनी हात असे काही उडवायला सुरुवात केली की सलाईनची सुईच निघून आली. डॉक्टरांनी आदेश लिहिला, वॉर्डातल्या मामांनी मनगटं धरली आणि मी दोन्ही हात पट्ट्यांनी कॉटला बांधले. सगळं नियमाप्रमाणे. पट्टीखालून दोन बोटं सरकतात का, तेही पाहिलं. उगाच नंतर कुणाला बोट ठेवायला जागा नको. फॉर्मवर एक रकाना होता, ‘रुग्णाची हरकत’. मी विचारलं, “आजोबा, काही सांगायचंय का?” ते नुसते डोळे फाडून माझ्या मास्ककडे बघत राहिले. मी ‘नाही’ लिहिलं. पुढे दर पंधरा मिनिटांनी पट्ट्या तपासून तेच लिहीत गेले, ओळीने अकरा वेळा. दुपारी त्यांची मुलगी धावत आली आणि कॉटपाशी थबकली. “यांना बांधलंय कशाला?” “आवरतच नव्हते हो. सोडायला डॉक्टरांची सही लागते, आणि ते ऑपरेशनमध्ये आहेत.” “अहो सिस्टर, बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. ते हातांनी बोलतात.” सही गेली खड्ड्यात. मी पट्ट्या सोडल्या. आजोबांनी हात वर घेतले, पण ओढून ओढून बोटं बधिर झाली होती. एकच खूण ते पुन्हा पुन्हा करू पाहत होते आणि ती अर्ध्यातच मोडत होती. मुलीने त्यांची बोटं चोळली, आणि खुणा करता करता सवयीने तोंडानेही म्हणाली, “सावकाश, बाबा. तोतरं बोलताय.”