हातगुण

"आई गं!" सिस्टर खुर्चीत ताडकन उठून बसल्या आणि तोंडावरचा टॉवेल त्यांनी खाली भिरकावला. "अगं, चेहरा उजळायला आले होते, सोलून घ्यायला नाही!"

पार्लरवाली हातातला चिमटा धरून तशीच उभी राहिली. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उकळत्या पाण्यातून टॉवेल काढायचा, पिळायचा, डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला क्षणभर टेकवायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर ठेवायचा, हा तिचा शिरस्ता. पिळून पिळून बोटं निबर झालेली, त्यांचा भरवसा नाही. मनगट मात्र खोटं बोलत नाही, असं ती शिकायला येणाऱ्या मुलींना बजावून सांगायची.

"मनगटावर बघूनच ठेवला हो, सिस्टर. कोमट होता."

"याला कोमट म्हणतेस तू?"

दवाखान्यातली नोकरी संपून नऊ वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची आणि त्यांचा आवाज अजून वॉर्डातलाच होता. डावा गाल लालबुंद झाला होता. पार्लरवालीनं घाईघाईनं त्यावर गार पाण्याची पट्टी ठेवली, खाली पडलेला टॉवेल उचलला आणि पुन्हा डाव्या मनगटाला लावला. छे, कोमटच. मग तिनं उजव्या हातावरचं घड्याळ वर सरकवलं आणि तिथं लावून पाहिला.

चटका बसला.

डाव्या मनगटावर सहा महिन्यांपूर्वी एक फिकट डाग उठला होता, नाण्याएवढा. घड्याळाच्या पट्ट्यानं झाला असेल म्हणून तिनं घड्याळ उजव्या हातात बांधायला सुरुवात केली. मग गिऱ्हाइकांना जे दिवसभर पढवायची, तेच स्वतःवर इमानेइतबारे केलं. तहान नसली तरी पाणी, रोज एक फळ, ताटात हिरवं काहीतरी हवंच, साबण बेताचा, झोपताना तेलाचं बोट. चेहरा छान तुकतुकीत झाला. डाग मात्र बिस्किटाएवढा झाला. दुसऱ्यांचे डाग तिला दारातूनच दिसायचे. हा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून ती निर्धास्त होती.

आता तिथली कातडी टॉवेलानं लाल झाली होती. आणि तरीही दुखत नव्हती.

"इकडे आण तो हात," सिस्टर म्हणाल्या.

"काही नाही हो, कोरडेपणा आहे."

"आण म्हटलं ना!"

सिस्टरनी चष्मा चढवला. मनगट उजेडाकडे वळवून पाहिलं, ट्रेमधला कापूस घेतला आणि त्याचं टोक बारीक वळलं. "डोळे मीट. लागलं की सांग."

तिनं डोळे मिटले. पडद्याबाहेर नंबर लावून बसलेली बाई मासिकाची पानं उलटत होती. गरम पाण्याचं भांडं खदखदत होतं. ती वाट पाहत राहिली.

"लावा ना, सिस्टर."

"तीनदा लावून झाला."

ती बाजूच्या स्टुलावर बसली. एक नाव जिभेवर येत होतं आणि ती ते गिळत होती. "सिस्टर... हे ते तर नाही ना?"

"ते म्हणजे? सरळ नाव घे. कुष्ठरोग. असेल, नसेलही. तपासल्याशिवाय मी सांगणार नाही."

"हळू बोला हो!" तिनं पडद्याकडे पाहिलं. पानं उलटण्याचा आवाज थांबला होता का? हिच्या हाताला गुण आहे, असं म्हणत बायका तीन-तीन गल्ल्या ओलांडून यायच्या. उद्या यातला एक शब्द बाहेर गेला, तर या हातांना कोण चेहऱ्याजवळ येऊ देणार? आणि सकाळीच तिनं याच हातांनी लेकीची वेणी घातली होती, जाताना तिचा गाल कुरवाळला होता.

"माझी मुलगी, सिस्टर..."

"तिलाही तपासून घे. असलं तरी गोळ्या आहेत, नेमानं घेतल्या की बरं होतं. मी कितीजणांना स्वतःच्या हातानं दिल्यात. पण आजच जायचं. तेल चोळत बसायचं नाही, कळलं?"

तिनं मान हलवली. सगळं ऐकलं होतं, पण तिचे डोळे पडद्यावरच होते.

"ताई, माझा नंबर कधी?" बाहेरून हाक आली.

तिनं घाईनं डावं मनगट टॉवेलानं झाकलं.

"बस अजून थोडा वेळ!" सिस्टरच ओरडल्या. "माझं तोंड अर्धंच झालंय." आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या, उजवा गाल वर करून.

"सिस्टर, या हातांनी?"

"मग काय, पायांनी करतेस? आटप. मग दोघी मिळून जाऊ."

ती उठली. चिमट्यानं भांड्यातला दुसरा टॉवेल काढला, पिळला आणि सवयीनं डाव्या मनगटाकडे नेला. मध्येच थांबली. उजव्या हातातलं घड्याळ सोडून तिनं ट्रेमध्ये ठेवलं आणि टॉवेल त्या मनगटावर टेकवला. हात झटकन मागे आला.

"भाजतंय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"मग निवू दे जरा," सिस्टर डोळे मिटून म्हणाल्या.