नावापुढची रेघ

सोमवारी सकाळी साडेआठला कळलं, सर्व्हरचं जुनं नाव पुसलं गेलंय.

सावद्याच्या केळी उत्पादक संस्थेत मयुरीने रविवारी सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. मशीन दोनदा आपोआप बंद पडलं, मग स्थिरावलं. ती निश्चिंत होऊन जळगावला गेली. आज मात्र गावोगावची चौदाही वजन केंद्रं तुटलेली. तिथली मशीनं सर्व्हरला नावाने शोधत होती, आणि त्या नावाचं आता कुणी नव्हतं.

"कापलेला माल गाड्यांमध्ये तापतोय," सेक्रेटरी तोताराम म्हणाला. "दिपमालावहिनींनी नाव तेवढं लिहून ठेवायला हवं होतं."

कोपऱ्यात बसलेल्या आबांनी वही पुढे केली. "तिने सगळं लिहिलंय. नीट बघा."

दिपमालाला जाऊन तीन महिने झाले होते. सोळा वर्षांपूर्वी हा सर्व्हर तिनेच बसवला आणि शेवटपर्यंत सांभाळला. आबा बागेतला माणूस, नवरा असूनही तिच्या कामातलं त्यांना काही कळायचं नाही. पण तिच्या पाठीमागे तिच्या कामाला कुणी नाव ठेवावं, हे त्यांना सोसवत नव्हतं. म्हणून निरोप मिळताच ते वही घेऊन आले होते.

वहीत खरंच सगळं होतं. पत्ते, पासवर्ड, कुठली वायर कुठे. फक्त 'सर्व्हरचं नाव' यापुढे एक रेघ.

"राहून गेलं असेल," मयुरी हळूच म्हणाली.

"तिच्याकडून राहत नव्हतं काही. मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख लिहायची."

तोतारामने एक कागद टेबलावर ठेवला. "वही संस्थेकडे राहू द्या आबा. सवडीने यावर सही करा." आणि तो ड्रायव्हरांची समजूत घालायला फाटकाकडे गेला.

मयुरीने अंदाजाने नावं घालून पाहिली. सावदा. केळी. आबांच्या मुलीचं नाव, रूपा. एकही केंद्र जुळेना.

"काकू घरी कुणाला काय हाक मारायच्या?"

"म्हशीला चांदी. मला 'अहो', नाहीतर 'ऐकलं का'. लग्नातसुद्धा नाव घेतलं नाही तिने. बाया दार अडवून बसल्या, तर म्हणे, घेईन सवडीने."

मयुरीला हसू आलं. तिने 'चांदी' घालून पाहिलं. नाही.

मग ती एकेका केंद्राला फोन लावू लागली. शेवटी चोपड्याच्या केंद्रावरच्या हिलालने फोन उचलला.

"ताई, आठे बठ्ठं काम बंद शे. लोके माले माराले उठनात!"

"हिलालभाऊ, सर्व्हरचं जुनं नाव तुमच्या मशीनमध्ये असणार. पासवर्ड सांगते, उघडा." तिने वहीतून पासवर्ड वाचून दाखवला. "दिसलं? आता एकेक अक्षर वाचा."

"यू... के... एच..." हिलाल अडखळत वाचू लागला. "ए... आर... डी... यू."

तिने ती अक्षरं घातली. चोपडा जोडलं गेलं. मग वरणगाव. मग एकेक करत चौदाही. फाटकावर गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला.

"सुटलं आबा! काकूंची वही नसती तर आज काही खरं नव्हतं." मयुरीने स्क्रीनवरचं नाव पुन्हा वाचलं आणि ती खुदकन हसली. "पण उखर्डू? मशीनला असलं नाव कुणी ठेवतं का? दुसरं छानसं ठेवू?"

"राहू दे," आबा म्हणाले.

"आणि नेमकं हेच वहीत का नाही लिहिलं त्यांनी?"

आबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. तोतारामचा कागद जवळ ओढला आणि खाली सावकाश सही केली: उखर्डू नथ्थू चौधरी.

सोळा वर्षं चौदा गावांतून रोज हाक येत होती. ओ द्यायची राहून गेली.