डोळे मिटून

कुमुदिनीबाईंनी डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि मान मागे टाकून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आजचा अग्रलेख मोठ्यानं वाचा ना. मघाशी वाचला, फार पटला मला."

"मलाही!" रघुवीरराव खुशीत म्हणाले. वाचणाऱ्याची नजर ओळखणारं वर्तमानपत्र घरात आल्यापासून राजकारणावरून दोघांचं एकदाही वाजलं नव्हतं. बायको अखेर आपल्या पक्षाकडे वळली, असंच ते धरून चालले होते.

त्यांनी पान समोर धरलं. "धरणाचा निर्णय घेऊन सरकारनं जनतेची मनं जिंकली..."

"काहीतरीच काय! सरकारनं तोंडाला पानं पुसली, असं लिहिलंय त्यात." बाईंनी पान ओढून घेतलं आणि ओले डोळे त्यावर रोखले. अक्षरं सरसर बदलली.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"आणि तू?"

मग दोघं जेवणापर्यंत कडाकडा भांडले. शेजारच्या मुळगुंदबाई डोकावून म्हणाल्या, "आवाज ऐकला, बरं वाटलं. मला वाटत होतं, तुम्ही अबोला धरलाय."

दुसऱ्या दिवशी रघुवीरराव बायकोशेजारी खुर्ची ओढून बसले. "आज तू वाच. तुला काय एवढं पटतं, ते ऐकू दे."

"आधी डोळे मिटा. तुमची नजर पडली की पान लगेच तुमच्या बाजूचं होईल."

त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याच वाक्याला ते ओरडले, "साफ खोटं!"

"थांबू का?"

"छे, छे! पुढं वाच," डोळे आणखी घट्ट मिटून घेत ते म्हणाले.