शुद्ध नमुना

एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासासाठी विद्यापीठाने इतिहास, साहित्य व संस्कृती या तिन्ही विभागांचे मिळून एक केंद्र स्थापन केले. राज्याच्या सीमेवरील वांकिडी गावच्या रूपालीने तेथे पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मुलाखत दिली. "सर, आमच्या गावच्या बोलीवर मी दोन वर्षांपासून काम करून राह्यली," हे तिचे पहिलेच वाक्य ऐकून केंद्रप्रमुखांनी शेरा लिहिला : 'भाषा अशुद्ध. अपात्र.'

तीन महिन्यांनी तेच केंद्रप्रमुख रेकॉर्डर घेऊन वांकिडीला आले. एकोणिसाव्या शतकातील मराठी सीमेवरच्या घरांत अजून जशीच्या तशी बोलली जाते, असा त्यांचा सिद्धांत होता. पुरावा तेवढा हवा होता.

"रेणुकामावशीवानी जुनं बोलनारं आता कोनीच नाई, साहेब," म्हणत चावडीवरच्या मंडळींनी त्यांना थेट रूपालीच्या आईसमोर नेऊन बसवले.

"मावशी, घरात बोलता अगदी तसंच बोला," रेकॉर्डर सुरू करीत ते म्हणाले.

रेणुकाबाईंनी पदर सावरला आणि पाठ केल्याप्रमाणे एकेक अक्षर जपून उच्चारले :

 

"महोदय, आपण माझ्या मुलीला परत पाठवल्यापासून आम्ही घरात शुद्धच बोलतो. आता तिला प्रवेश मिळेल ना?"